सातव्या पाण्यापर्यंत

बाबांनी उकळत्या पाण्याची किटली उचलली आणि पाणी चहादाणीत न ओतता चहादाणीवर ओतलं. मातीची ती मुठीएवढी चहादाणी ओली होऊन गडद झाली आणि पाणी खालच्या लाकडी तबकाच्या फटींतून गळून गेलं.

“एवढ्याशा भांड्याला अंघोळ कशाला?” तिनं विचारलं.

“गार भांड्यात चहा रुसतो म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“म्हणतं कुणीतरी,” बाबा म्हणाले आणि डबा उघडण्यात गुंतले.

या महिन्यातला हा तिसरा ‘कुणीतरी’. ती एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. चूक आहेच असं धरून ओळ वाचायची, हे तिचं बावीस वर्षांचं काम होतं आणि आता तो स्वभावच झाला होता. बाबा तिला गमतीनं शंकेखोर बाई म्हणत. असा संदिग्ध शब्द छापायच्या मजकुरात आला असता, तर तिनं समासात प्रश्नचिन्ह टाकलं असतं. इथं समास नव्हता. तिनं टेबलावरचा एक थेंब बोटानं पुसला.

डब्यातून हिरव्या, घट्ट वळलेल्या गोळ्या निघाल्या. मिऱ्याहून जराशा मोठ्या. चहादाणीत पडताना त्या खडखडल्या. बाबांनी त्यावर पाणी ओतलं आणि लगेच ते फेकून दिलं. हे पाणी मोजायचं नाही, हे आता तिलाही माहीत झालं होतं. उंच डोंगरावरचा ऊलाँग चहा. तिथं वर्षातले कितीतरी दिवस धुकं असतं, पानं सावकाश वाढतात, म्हणून ती जाड आणि गोड असतात. हेही ‘कुणीतरी’ सांगितलेलं.

पहिलं खरं पाणी घालून बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसले. आयुष्यभर त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी साखळी हातात असल्यासारखे ते कुठलंही काम ताठ बसून करत. तीही घड्याळाकडे पाहत होती, पण भिंतीवरच्या.

चहा फिकट सोनेरी होता. फुलांचा वास येत होता आणि मागे लोण्यासारखं काहीतरी.

“कसा झालाय?”

“चांगला झालाय.”

खरंच चांगला झाला होता, आणि तीच गोष्ट तिला खुपत होती. पंच्याहत्तरीच्या माणसानं, ज्याला आई असेपर्यंत साधा दुधाचा चहा गाळता येत नव्हता, त्यानं हे दीड वर्षात एकट्यानं शिकावं? पूर्वी रविवारी ती यायची, दुधाचा चहा उभ्यानं प्यायची आणि दहा मिनिटांत चपला घालायची. या चहानं सगळंच लांबवलं होतं. एवढेसे कप, आणि तीच पानं पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

दुसरं पाणी झालं, तिसरं झालं. बाबांनी शेजारच्यांच्या मांजराची हकिकत सांगितली. जावयाची चौकशी अलीकडे ते करत नसत. बरंच होतं ते. विचारलं असतं तर तिला पुन्हा सांगावं लागलं असतं की तो बरा आहे, कामात आहे. तो बरा होताही बहुधा. त्याच्या नव्या घरी. सह्या करून दोघं वेगळे झाले त्याला दोन वर्षं होऊन गेली होती आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहत होती. आईच्या आजारपणात हे सांगायचं राहिलं, आई गेल्यावर सांगवेना, आणि मग इतका उशीर झाला की उशीर का झाला तेच आधी सांगावं लागलं असतं.

पाचव्या पाण्याला बाबा गप्प होते. खिडकीतून ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. तिनं कप ठेवला.

“बाबा...”

“हं?”

त्यांनी वर पाहिलं नाही. किटलीचं झाकण नीट बसवत राहिले.

“काही नाही. निघते आता. तो जेवायचा थांबला असेल.”

“अजून दोन पाणी निघतील यातून.”

“पुढच्या रविवारी.”

“बरं,” बाबा म्हणाले. दारापर्यंत आले, तिच्या पिशवीचा बंद खांद्यावर सरळ केला. “सावकाश जा. धावत बस पकडू नकोस.”

ती सावकाशच गेली. नेहमीप्रमाणे थांब्यावरच्या बाकावर बसली, आपल्या तीन बस जाऊ दिल्या आणि चौथीत चढली.

सोमवारी दुपारी बाबा वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच गेले. चष्मा डोळ्यांवर होता, त्यामुळे शेजारणीला बराच वेळ वाटलं की ते वाचतायत.

त्यानंतरचे काही दिवस माणसांचे, फोनचे आणि कागदांचे होते. जावई कामासाठी परगावी आहे असं तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि सांगताना ती अडखळली नाही याचं तिलाच नवल वाटलं. माणसं पांगल्यावर आत्या तेवढी राहिली. बाबांची ही धाकटी बहीण पलीकडच्याच गल्लीत राहायची आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

“एक विचारू?” कपड्यांच्या घड्या घालता घालता आत्या म्हणाली. “हा दर मंगळवारी कुठं जायचा गं?”

“दाताच्या डॉक्टरकडे. तसं म्हणायचे मला.”

“मलाही तेच म्हणायचा. दीड वर्ष? तोंडात दात होते किती त्याच्या? अकरा.” आत्यानं एक शर्ट तिच्यासमोर धरला. “आणि दात दाखवायला जाताना शर्टाला इस्त्री कोण करतं? स्वतःच्या हातानं करायचा हो. वहिनी होती तेव्हा हा बाबा चुरगळलेल्या शर्टात लग्नांना गेलाय.”

“तुला काय म्हणायचंय आत्या?”

“मला काहीच म्हणायचं नाहीये. मी घडी घालतेय.”

चहाचा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर होता. त्याच्या तळाला एका दुकानाचा शिक्का होता आणि झाकणाच्या आत एक कागद घडी करून ठेवलेला. तिनं तो ओट्यावर सरळ केला. एका बाजूला गोल, उजवीकडे झुकलेलं, उघडच बाईचं अक्षर: पहिलं पाणी पन्नास सेकंद, दुसरं चाळीस, तिसरं पन्नास, चौथं एक मिनिट, पाचवं दीड, सहावं तीन. सातव्यापुढे आकडा नव्हता. तिथं लिहिलं होतं, ‘थांबाल तितकं’.

मागच्या बाजूला बाबांच्या पेन्सिलीतले सरळ, बारीक आकडे होते. तारखा, ओळीनं सत्तरच्या वर. प्रत्येक तारखेपुढे एकच अंक. तीन. दोन. तीन. तीन. चार. तिनं कॅलेंडर काढून ताडून पाहिलं. सगळे रविवार होते. मंगळवार एकही नाही. मार्चमधल्या एका रविवारी शून्य होतं, आणि त्या रविवारी तिला ताप होता, ती आली नव्हती.

म्हणजे हे तिच्याबद्दल होतं.

तिनं कागद पुन्हा पहिल्यापासून तपासला. खाडाखोड नव्हती. बाबा तिला गुण देत होते की काय? कशाबद्दल? आणि मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते कुणाला वाचून दाखवत होते? आईला जाऊन वर्ष व्हायच्या आत ज्या बाईकडे जायला खोटं बोलावं लागत होतं, त्या बाईला तिच्याबद्दल दर आठवड्याला काय कळत होतं? स्वतःच्या खोट्याची आठवण तिला त्या क्षणी झाली नाही असं नाही. पण ते वेगळं होतं, असं तिनं ठरवलं.

तिनं पातेल्यात पाणी ठेवलं, डब्यातला चमचाभर चहा टाकला आणि पाच मिनिटं खळखळ उकळला. एक घोट घेऊन मोरीत थुंकली. कडूजहर. म्हणजे चहासुद्धा धड नव्हता. म्हाताऱ्या माणसाला गोड बोलून कसलाही पाला खपवला होता. निमित्त मिळाल्यासारखं तिला बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली.

दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत डबे, मध्ये एका माणसापुरती वाट आणि वाटेच्या शेवटी टेबल. टेबलावर तसंच फटींचं लाकडी तबक, तशीच चहादाणी, आणि मांडून ठेवलेले दोन कप. किटलीतून वाफ येत होती. समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. हे सगळं तिनं दारातूनच टिपून घेतलं.

चहावाली बाई पासष्टीच्या आसपास असावी. कापलेले पांढरे केस, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या. देखणी म्हणता आली नसती आणि नाही असंही म्हणता आलं नसतं, हे तिला अधिकच संशयास्पद वाटलं.

“हा चहा तुमच्याकडचा का?” तिनं डबा टेबलावर ठेवला. “खराब निघालाय. कडू आहे.”

चहावालीनं डबा उघडून वास घेतला. दोन गोळ्या तळहातावर घेऊन उजेडात पाहिल्या.

“कसा केलात?”

“चहा करतात तसा. उकळून.”

“किती वेळ?”

“पाच मिनिटं.”

“पाच मिनिटं उकळलं तर मीसुद्धा कडू होईन,” चहावाली म्हणाली. मग तिनं झाकण उलटं करून पाहिलं, आतला कागद पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. “हा तर मोजणीदारांचा डबा. तुम्ही त्यांची मुलगी. बरोबर? नाक तेच आहे. मागच्या तीन मंगळवारी आले नाहीत ते. म्हटलं, रुसले की काय. मी त्यांच्या तिसऱ्या पाण्याला नावं ठेवली होती.”

“बाबा गेले,” ती म्हणाली. “तीन आठवडे झाले काल.”

चहावालीनं हातातल्या दोन गोळ्या डब्यात परत टाकल्या. एक बाहेर पडली, ती शोधायला ती खाली वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. उठली तेव्हा तिनं आधी किटलीखालची आच कमी केली.

“बसा,” ती म्हणाली.

“मी बसायला आले नाहीये. मला एवढंच विचारायचंय की तुमचं आणि बाबांचं काय होतं.”

“चहा होता. आणि भांडणं. त्यांचं म्हणणं, घड्याळ लावलं की चहा होतो. माझं म्हणणं, पानांकडे बघा. दीड वर्ष तेच चाललं होतं.”

“आणि इस्त्रीचा शर्ट?”

चहावालीनं समोरचा कप उचलला, पुसलेलाच कप पुन्हा पुसला.

“शर्टाचं मला काही माहीत नाही,” ती म्हणाली. “बसा. उभ्यानं विचाराल तर मीही उभ्यानंच उत्तरं देईन.”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. पिशवी मांडीवरच ठेवली. चहावालीनं चहादाणीवर गरम पाणी ओतलं, त्याच डब्यातल्या गोळ्या आत टाकल्या, पहिलं पाणी घालून लगेच फेकलं. हात अगदी बाबांसारखे फिरत होते. की बाबांचे हात हिच्यासारखे फिरायचे? तिनं नजर दुसरीकडे वळवली.

पहिला कप समोर आला. फुलं आणि लोणी. कडूपणाचा मागमूस नव्हता. तिला स्वतःच्या पातेल्याची थोडी लाज वाटली, पण तिनं कागद बाहेर काढला.

“ही मागची बाजू. हे आकडे काय आहेत?”

“तुम्हाला कळलं नाही?”

“माझ्याबद्दल आहेत एवढं कळलं. तुम्हाला येऊन सांगत होते ना दर मंगळवारी?”

“सांगायचे तर. दारातूनच सांगायचे. ‘परवा तीन झाली.’ एकदा चार झाली तेव्हा माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा आणला होता.” चहावालीनं दुसरं पाणी घातलं. “पाणी मोजायचे ते. तुम्ही कितव्या पाण्यापर्यंत बसलात ते.”

तिनं कागदाची घडी घातली आणि पुन्हा उघडली.

“पहिल्यांदा आले तेव्हा चहातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांना,” चहावाली म्हणाली. “गिऱ्हाईक येतं ते विचारतं, सुगंधी कुठला, ताजा कुठला. हे म्हणाले, ‘तुमच्याकडे सगळ्यात उशिरा संपणारा चहा कुठला?’ मला वाटलं, चिक्कू माणूस आहे. म्हटलं, हा डोंगरावरचा न्या. गोळ्या घट्ट असतात, एका पाण्यात उलगडत नाहीत. नीट केला तर सात पाणी देतो. तासभर सहज जातो. तर म्हणाले, ‘तासभर? मग शिकवा मला.’”

“तासभर कशासाठी?”

“तेच मी विचारलं. म्हणाले, मुलगी येते रविवारी. दहा मिनिटांत उठते. तिला काहीतरी सांगायचंय आणि ते दहा मिनिटांत तिच्या तोंडाबाहेर येत नाही.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाची फळी आपटली. चहावालीनं तिसरा कप भरला. कडेला ठेवलेलं चहादाणीचं झाकण ओलसर चमकत होतं.

“मला काय सांगायचं होतं, ते माहीत होतं त्यांना?” तिनं विचारलं. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

“मला नाही माहीत. मला त्यांनी सांगितलं नाही, मी खोदून विचारलं नाही. एकदा मात्र कंटाळून म्हटलं, अहो, सरळ विचारून टाका की. आम्ही इथं कप धुतोय महिनोन्महिने. तर म्हणाले...” चहावालीनं त्यांच्यासारखी पाठ ताठ केली. नक्कल अशी होती की तिला कप खाली ठेवावा लागला. “म्हणाले, ‘मोजणीला गेलं की हद्द कुठं आहे ते विचारायचं नसतं. विचारलं की माणूस सोयीची दाखवतो. बांधावर बसायचं, पाणी मागायचं, इकडचं तिकडचं बोलायचं. थोड्या वेळानं तोच उठतो आणि म्हणतो, चला, खरा दगड दाखवतो. मी विचारलं तर ती उत्तर देईल. मला उत्तर नकोय. तिनं सांगायला हवंय.’”

चौथं पाणी दोघींनी प्यायलं. चहावालीनं चहादाणीचं झाकण काढून आत दाखवलं. गोळ्या नव्हत्याच आता. अख्खी पानं होती, देठासकट, एकमेकांवर रेललेली, कडांना जराशी तांबूस. भांडं काठोकाठ भरलं होतं.

ती त्या पानांकडे पाहत राहिली. मार्चमधला तो ताप आठवला, त्या दिवशी बाबांनी किटली ठेवून वाट पाहिली असेल हेही मनात आलं. आणि जावयाची चौकशी त्यांनी नक्की कधीपासून थांबवली, ते ती मनात मागे मागे जाऊन शोधू लागली. बावीस वर्षं ओळीओळीवर शंका घेणारी बाई ती. पण ही गाळलेली ओळ तिच्या नजरेतून निसटली होती.

“शेवटच्या रविवारी किती झाली?” चहावालीनं विचारलं. “तेवढं सांगायला आले नाहीत ते.”

“पाच.”

“पाच,” चहावाली म्हणाली. तिनं मान हलवली, जणू बाबाच दारात उभे राहून सांगत होते. “कधीच झाली नव्हती पाच. खूश असतील.”

तिनं कागद पाहिला. शेवटची तारीख, पुढे पाच. पेन्सिल त्या आकड्यावर दोनदा फिरली होती.

पाचवं पाणी आलं. याच पाण्याला ती उठली होती. मांडीवरची पिशवी तिनं उचलली, क्षणभर तशीच धरली आणि खाली खुर्चीच्या पायाशी ठेवली. खुर्चीत मागे सरून बसली. चहावालीनं ते पाहिलं. तिनं किटलीत आणखी पाणी घातलं आणि आच वाढवली.

सहाव्याला तीन मिनिटं लागली. दोघींपैकी कुणीच घड्याळ पाहिलं नाही. चहावाली पानांकडे पाहत होती. चव पातळ झाली होती, वास जवळजवळ गेला होता. फक्त गिळल्यावर घशात मागून गोडवा येत होता, जो पहिल्या कपाला नव्हता. रविवारी हा कप तिनं एकदाही प्यायला नव्हता.

दुकानाच्या दारात एक गिऱ्हाईक आलं. चहावालीनं सातवं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि उठली.

“याला घाई नाही,” ती म्हणाली. “झाला की तुम्हीच ओता.”

ती एकटीच टेबलाशी राहिली. मागे डबे उघडल्याचे, तागडीचे, हलक्या बोलण्याचे आवाज येत होते. समोरची खुर्ची रिकामी होती. तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग चहादाणी दोन्ही हातांनी उचलून आधी समोरच्या कपात ओतलं, मग आपल्या. रंग पाण्याचाच होता. वाफ मात्र होती.

घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला.

“आमचं मोडलं, बाबा,” ती म्हणाली, मोठ्यानं, दुकानात कोण आहे याची पर्वा न करता. “दोन वर्षं झाली. घरी जेवायचं कुणी थांबत नाही. मला जायची घाई कधीच नव्हती.”